मासे सोडण्याआधीचं पाणी

१० नोव्हेंबर, रविवार

एकदाचं सामान लागलं. सावंगीतलं हे घर मला पाहताक्षणी आवडलं होतं. दोन खोल्या, मागे मोरी, वर गच्ची. गच्चीवरून एका बाजूला दवाखान्याच्या इमारती दिसतात आणि दुसऱ्या बाजूला तुरीची शेतं. पिवळी फुलं लागलीत. ड्युटीला चालत जाता येतं. घरमालक नागपूरला राहतात, त्यामुळे कोणाची कटकट नाही.

काकांनी बाबांना कारंज्याहून गाडी करून आणलं. उतरताना शेजारच्या पोरांनी हात दिला. बाबांनी डाव्या हाताने त्यांना नमस्कार केला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, हे सगळं एप्रिलमधल्या झटक्याने नेलं. जन्मभर जंगलखात्यात मजुरी केलेला माणूस, तानबा उईके म्हटलं की अख्खी रेंज ओळखायची. आता आम्ही बोलतो आणि ते नुसते बघतात. पण बघतात नीट. सगळं कळतं त्यांना.

इथल्या लॅबमध्ये नोकरी घेतली तीच त्यांच्यासाठी. वाणी-उपचाराच्या मॅडम दवाखान्यातच आहेत. त्यांनी सांगितलं की बाबांनी दिवसभरात कोणता आवाज काढला, काय म्हणायचा प्रयत्न केला, ते लिहून ठेवत जा. म्हणून ही वही. त्यांनी हेही सांगितलं की घरच्या भाषेतच बोला. जी आधी शिकली ती आधी परतते. घरी आम्ही गोंडीच बोलतो. पाण्याला 'येर', माशाला 'मीन', असे दोन-चार शब्द मॅडमनी आवडीने लिहून घेतले.

दिवसा बाबांजवळ बसायला गल्लीतल्या भागाबाई येणार आहेत. बाई मायाळू, पण तोंडाला विसावा नाही. पुलगावला दिलेल्या लेकीशी, स्वीटीशी, दिवसभर फोनवर गप्पा. मला तेच बरं वाटलं. घरात आवाज असलेला बरा.

१४ नोव्हेंबर

मॅडमनी आज नवीन गोष्ट सुचवली. बाबांच्या समोर सतत काहीतरी हलतं हवं, म्हणजे नजर आणि मान दोन्हींना व्यायाम होतो. टीव्हीपेक्षा मासे चांगले, म्हणाल्या.

ड्युटी सुटल्यावर लगेच वर्ध्याला गेले. मार्केटच्या मागे निकेशचं दुकान आहे. तरुण मुलगा, पण धंद्यात पक्का. मी सरळ मासे दाखवायला सांगितलं, तर तो देईना. टाकी आज न्या, मासे महिन्याने, म्हणाला. मला वाटलं, स्टॉक नसेल. मग त्याने समजावून सांगितलं. नवीन पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात मासा टिकत नाही. मासा घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि मासा त्यातच मरतो. ती घाण खाणारे जंतू पाण्यात आधी वाढावे लागतात.

"पानी पिकू द्या लागते, ताई," तो म्हणाला. "काचीत भरलं अन् मासे सोडले, असं नाई जमत."

पाणी पिकतं हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते एका बाजूने हसले.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस फार छान गेला.

टाकी दोन फुटी आहे. समोरच्या खोलीत, खिडकीचं ऊन पडणार नाही अशा भिंतीशी टेबल लावलं, खाली थर्माकोल टाकला. टाकी नुसत्या पाण्याने धुतली. साबण अजिबात नाही, हे निकेशने दोनदा बजावलंय. मग रेती. बादलीत घालून चोळायची, गढूळ पाणी फेकायचं, पुन्हा चोळायची. बाबांची खुर्ची मोरीच्या दाराशी आणली होती. त्यांनी आपणहून डावा हात बादलीत घातला आणि रेती ढवळू लागले. कितीतरी वेळ. पाणी नितळ दिसायला लागलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू भात शिजला का ते मला विचारतायत.

रेती पसरून तिच्यावर बशी ठेवली आणि बशीवर हळूहळू पाणी ओतलं, म्हणजे रेती उसळत नाही. पाणी ड्रममध्ये शिळं करून ठेवलेलं होतं, त्यात क्लोरीन मारणारे थेंब टाकले. फिल्टर चालू केला, थंडी म्हणून हीटर लावला, तीन रोपं खोचली. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. खायला कोणी नाही, ते कुजू द्यायचं. त्यातून जंतू वाढतात.

संध्याकाळी आम्ही दोघं रिकाम्या टाकीसमोर बसून चहा प्यायलो.

२३ नोव्हेंबर

टाकीत काही फरक नाही. टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की रंग बदलतो. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. अजून फिकट पिवळाच येतोय.

निकेशला फोन केला. म्हणाला, चालू टाकीतली थोडी रेती आणून टाकली तर लवकर पिकतं. पण त्याच्या टाक्यांत सध्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे, तो देऊ शकत नाही. काही लोक नदीनाल्याचे गोटे आणि थोडं पाणी आणतात, जागा स्वच्छ असली तर चालतं.

उद्या तांदूळ आणायला गावी जातेच आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या एसटीने गेले, संध्याकाळी परत. बाबांजवळ भागाबाई थांबल्या.

घरामागच्या नाल्याला वर जंगलात एक डोह आहे. उन्हाळ्यातही आटत नाही. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. लहानपणी आम्हाला तिथे एकटं जाऊ देत नसत. बाबांबरोबर मोहफुलं वेचायला जाताना तिथून वाट होती, आणि डोह दिसायला लागला की बाबा ओठांवर बोट ठेवायचे. पार पुढे जाईपर्यंत कोणी बोलायचं नाही. मोळीवाल्या बायाही तिथे गप्प होतात. मला वाटायचं, जनावरं पाण्यावर येतात म्हणून. आजही सवयीने मी गप्पच होते. कॅन भरली, मूठ मूठ गोटे घेतले आणि निघाले.

घरी येऊन कॅन टाकीत ओतली. बाबांनी गोट्यांकडे पाहिलं आणि माझं मनगट धरलं. केवढी ताकद त्या हातात. घशातून आवाज काढत होते, डोळ्यांतून पाणी. गावची आठवण आली असणार. मी त्यांना जवळ घेतलं, म्हटलं, हो बाबा, आपल्याच नाल्याचं पाणी आहे.

मनगटावर बोटांचे वळ उठलेत.

२८ नोव्हेंबर

पाणी पांढरट झालंय, तांदळाचं धुवण असावं तसं. निकेश म्हणतो, हे चांगलं लक्षण, जंतू वाढतायत. पाणी बदलू नका.

बाबा मात्र टाकीकडे बघतच नाहीत. मान भिंतीकडे वळवून बसतात. भागाबाई सांगतात, दिवसभर तसेच. टाकीसमोर बसून त्या स्वीटीशी बोलायला लागल्या की बाबा डावा हात हलवून त्यांना गप्प करतात. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अशा आजारात कधी कधी एका बाजूकडे दुर्लक्ष होतं, मुद्दाम त्या बाजूला बघायची सवय लावावी लागते.

खुर्ची फिरवून टाकीच्या अगदी समोर लावली. मान वळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी उशा दिल्या.

२ डिसेंबर

टेस्ट केली, तर नळी गर्द हिरवी. मी चार दिवसांपासून खाद्य टाकायलाच विसरले होते. मग अमोनिया आला कुठून?

नळीचा फोटो निकेशला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "किती मासे सोडले, ताई? मी नाई म्हटलं होतं न."

एकही नाही म्हटलं, तर हसला. म्हणाला, एवढी घाण आपोआप होत नसते, काहीतरी मोठं जगून राह्यलं त्यात. गोट्यांबरोबर बेडकाची पिल्लं आली असतील, शोधा.

रेती हाताने चाळली. काही नाही. पाणी कोमट होतं.

५ डिसेंबर

बाबा बोलले!

ड्युटीवरून आले तर भागाबाई दारातच उभ्या. "ताई, तुमचे बाबा बोल्ले न! मले म्हनते कसे, पाणी!" मला खरं वाटेना. आत गेले. बाबा टाकीकडे बघत होते. मी समोर बसले. त्यांनी माझ्याकडे डोळे वळवले आणि स्वच्छ म्हणाले, पाणी. उच्चार अगदी साफ. मी तांब्या दिला, त्यांनी एका दमात संपवला. दुसरा दिला, तोही.

मी आणि भागाबाई दोघी रडलो. काकांना फोन केला, मॅडमना केला.

आता लिहिताना एक गोष्ट जाणवली. बाबांनी घरात पाण्याला कधी पाणी म्हटलेलं नाही. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, मेंदूचं काही सांगता येत नाही, कोणता कप्पा आधी उघडेल.

९ डिसेंबर

रोज नवे शब्द येतायत. आज सकाळी मी चहा देत होते, तर बाबा भागाबाईंच्या हेलात म्हणाले, "काय वं स्वीटे, जेवली काय?" आम्ही हसून हसून बेजार. भागाबाईंनी फोनवर लेकीला ऐकवलं. मग बाबांनी टीव्हीवरची साबणाची जाहिरात पूर्ण म्हणून दाखवली, बाईच्या आवाजात.

उजव्या हाताची बोटं हलायला लागलीत. मॅडमना नवल वाटतंय. त्यांनी त्यांच्या सरांना बोलावून दाखवलं.

बाबांचा हात फार गार लागतो. थंडी आहे.

१२ डिसेंबर

भागाबाईंना काहीतरी होतंय. दुपारी मी जेवायला आले होते. त्या म्हणाल्या, "ताई, ते देजो... ते... जेवाचं ते." चमचा हवा होता. चमचा हा शब्द आठवेना. हसल्या, वय झालं म्हणाल्या. मग स्वीटीला लावायला फोन हातात घेतला आणि नुसत्या बसून राहिल्या. थोड्या वेळाने मला विचारलं, माझ्या पोरीचं नाव काय आहे, ताई?

मी सांगितलं. त्यांनी ते दोन-तीनदा म्हणून बघितलं, दुसऱ्याच कोणाचं असावं तसं.

मी त्यांना लवकर घरी पाठवलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "उद्या येजो, बाई."

१५ डिसेंबर, रविवार

निकेश स्वतः टाकी बघायला आला. प्लास्टिकच्या पिशवीत दोन काळे मॉली मासे आणले होते. म्हणाला, सोडून बघू, टिकले तर पाणी पिकलं समजायचं.

आधी त्याने टाकीत हात घातला आणि लगेच काढला. रुमालाने पुसला. पुन्हा पुसला. हीटर किती डिग्रीवर ठेवलाय, विचारलं. मी बघितलं तर हीटरचं बटणच बंद होतं. परवा घर झाडताना मीच बंद केलं होतं. पाणी मात्र अंगाइतकं गरम.

तो टाकीसमोर वाकून बराच वेळ बघत राहिला. मग मासे सोडले नाहीत. पिशवी उचलली.

"ताई, ह्या पान्यात जागा नाई," म्हणाला.

टाकी रिकामी आहे म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडे बघितलं. बाबा त्याच्याकडे बघून हसत होते. दोन्ही बाजूंनी. निकेश चहा न घेताच गेला.

१७ डिसेंबर

भागाबाई कालपासून आल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांचे यजमान रूपराव दाराशी बसले होते. म्हणाले, कालपासून एक शब्द नाही. दवाखान्यात नेलं, डोक्याचा फोटो काढला, झटका नाही, गाठ नाही, काहीच नाही.

भागाबाई आत चुलीपाशी होत्या. मी हाक मारली, तर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. ओठ हलतात ते बघत होत्या. मी हात धरला. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, उघडलं आणि मिटलं.

काऊन असं झालं, ताई, असं रूपराव मला विचारत होते. तुमच्याच घरी तर होती ती दिवसभर.

२० डिसेंबर

बाबा चालतात. घरभर फिरतात, गच्चीवर जातात. मॅडम म्हणाल्या, पंचवीस वर्षांत असा पेशंट पाहिला नाही. मी पेढे वाटले.

पण मला आनंद होत नाहीये, आणि का, ते आज लिहायचं आहे.

बाबा दिवसभर बोलतात. जे बोलतात ते सगळं या समोरच्या खोलीत, टाकीपुढे, आधी कोणीतरी बोललेलं आहे. भागाबाई, टीव्ही, मी, मॅडमचा फोन. त्यांचा स्वतःचा असा एक शब्द नाही. आज मी आईबद्दल बोलायला लागले. ते पुढे सरकून ऐकत होते, मग म्हणाले, "तिचं नाव सांग ना."

आईचं नाव मी या घरात कधी घेतलेलं नाही.

मी आपल्या बोलीत विचारलं, भूक लागली का. अगदी साधं, लहान मुलालाही कळणारं. इथे आल्यापासून मी त्यांच्याशी रात्री अंथरुणावर, आतल्या खोलीतच तसं बोलत असे. या खोलीत भागाबाई असायच्या, म्हणून मराठीच चालायची.

त्यांना कळलं नाही. माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "पुन्हा म्हण."

२१ डिसेंबर

आज विचारून विचारून पाहिलं. खांद्यावरची खूण कोणत्या जनावराची. आमच्या मागच्या टेकडीला काय म्हणतात. काकांचं नाव, ते फोनवर घेतलं होतं, ते आलं. बाकी काही नाही. प्रत्येक वेळी तेच, तू सांग ना, तू सांग.

पापणी लवत नाही त्यांची. जेवण चिवडतात, पाणी पितात. ड्रम रोज भरावा लागतो.

बाबा म्हणवत नाही मला.

२२ डिसेंबर, रविवार

दुपारी तो गच्चीवर उन्हात बसला होता. मी टाकी रिकामी करायचं ठरवलं. पाणी नालीत ओतायचं, काच फोडायची. नळी लावायला वाकले. फिल्टरचा आवाज नेहमीसारखा नव्हता, म्हणून काचेला कान लावला.

बाबा होते.

आपल्या बोलीत बोलत होते. झटक्याच्या आधीचा आवाज, थोडा बसका, प्रत्येक वाक्याच्या शेवटी दम घ्यायची ती सवय. माझं नाव घेत होते. किती दिवस घेत असतील, कोण जाणे. फिल्टरच्या घरघरीत ते कोणाला ऐकू येणार?

मी काचेला चिकटून रडले. आठ महिन्यांनी आवाज ऐकला.

बाबांनी सांगितलं ते असं. डोहात जे आहे ते बोलणं पितं. आजवर जो जो तिथे बोलला त्याचे शब्द तिथल्या मोठ्या पाण्यातच साठलेत, कॅनमधून ते रिकामं आणि तहानलेलं आलं. त्याला तोंड नव्हतं. बाबांना तोंड होतं आणि बोलणं अडकलेलं होतं, आणि त्यांना त्याच्या समोर बसवलं होतं. ते आत शिरलं, बाबा बाहेर पडले ते या पाण्यात. पाणी नालीत ओतलं तर बाबा नालीत जातील. डोहात नेऊन सोड, म्हणाले. तिथे मोठं पाणी आहे. आणि काचेसमोर बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस.

मी विचारलं, परत अंगात येता येणार नाही का.

डोहात नेऊन सोड, एवढंच पुन्हा म्हणाले.

२४ डिसेंबर

गाडी मिळत नाही, नाताळच्या सुट्ट्या. निकेश आठवड्याच्या शेवटी बघतो म्हणाला.

बोलू नकोस म्हणाले होते. काल संध्याकाळी नुसतंच ऐकायला बसले. बाबा मोहाच्या दिवसांतली गोष्ट सांगत होते, अस्वल झाडावर आणि हे खाली. मला हसू आलं, आणि मी बोलले. मग थांबता येईना. आई शेवटी काय म्हणाली होती ते विचारलं. त्या वेळी मी परीक्षेला गेले होते, कोणी कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं. गप्प हो, असंही मधे मधे सांगत होते. पण त्यांनाही बोलायचं होतंच.

तो दारात उभा होता. कधीपासून, माहीत नाही.

२६ डिसेंबर

लॅबमध्ये एका नळीवरचं लेबल वाचून सांगायचं होतं. वाचता आलं. तोंडातून निघेना. सिस्टर म्हणाली, बरं नाही का.

घरी आले. तो खुर्चीत बसला होता. ग्लास पुढे केला. म्हणाला —

येर.

अगदी बाबांसारखं म्हणाला.

२७ डिसेंबर

आज काचेजवळ गेले नाही. आतल्या खोलीत दार लावून बसले. पण आवाज येतो. पाण्यातून नाही, दाराबाहेरून. तो आपली बोली बोलतोय. चुकत चुकत. अस्वलाची गोष्ट सांगतोय.

आणि मला मधले मधले शब्द कळत नाहीत.

२८ डिसेंबर

माशाला आपल्यात काय म्हणतात, सकाळपासून आठवून बघतेय. पहिल्या पानावर लिहिलेलं सापडलं. वाचलं. मीन. दोनदा म्हटलं. भागाबाईंनी स्वीटीचं नाव म्हटलं होतं तसं —

निकेशला फोन केला. गाडी, उद्या, डोह. एवढंच बोलता आलं. तो म्हणाला, "येतो, ताई. तुम्ही घरात नका राहू." बाबांना सोडून कुठे जाऊ?

काकांना लावला. काका बोलत होते आपल्या बोलीत. मी हं हं करत होते. काय म्हणाले, माहीत नाही.

२९ डिसेंबर, रविवार

सकाळ. निकेश निघालाय.

नळी लावली. कॅन भरतेय. एक भरली. एक थेंब सांडू द्यायचा नाही. फडक्याने टिपून तेही कॅनमध्ये पिळते.

तो खुर्चीत आहे. अडवत नाही. टाकीकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.

दुसरी भरली. तळाला थोडं राहिलंय. गोटे दिसतात. मी कान लावला. निरोप द्यायचा होता, न बोलता —

बाबा बोलतायत. जोरजोरात. माझं नाव कळलं, तेवढंच. बाकी नुसता आवाज. एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतायत. घाई आहे त्यांना. काहीतरी करू नको म्हणतायत की कर म्हणतायत. कॅनबद्दल? डोहाबद्दल? मी विचारायला तोंड उघडलं, तर मला — ते — कसं विचारतात —

लिहून घेते, जसं ऐकू येतं तसं. अक्षरं जमत नाहीत.

बाहेर गाडी थांबली.

तो उठला. माझ्या शेजारी येऊन खाली बसला. काचेला कान लावला, ऐकतोय. मान डोलावतोय. त्याला कळतंय सगळं.

खांद्यावर हात ठेवला माझ्या. गार आहे. भागाबाईंच्या हेलात म्हणाला —

"मी सांगतो न तुले, ते काय म्हनून राह्यले. तू फकस्त मले सांग, तुह्या मायचं नाव —"

दार वाजतंय. निकेश हाक मारतोय. आत ये म्हणायचं आहे. आत —

आईचं नाव मला आठवतंय अजून. ते मी लिहिणार नाही. बोलणार नाही. ओठ दाबून धरलेत. पण तो ओठांकडे बघत नाही आता, वहीकडे बघतोय, आणि माझा हात आपोआप